घाटाखालचे पाणी आणि डायलिसिसची पाळी

बुलढाणा जिल्ह्यात एखाद्याने आपल्या गावाचे नाव सांगितले की ते घाटावरचे की घाटाखालचे, हा प्रश्न पाठोपाठ येतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर. खाली पूर्णा नदीच्या सपाटीवर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. जिल्हा रुग्णालय घाटावर आहे. मूत्रपिंडाच्या विकाराने खंगलेली माणसे मात्र घाटाखालच्या गावांतून, विशेषतः खारपाणपट्ट्यातून येतात, आणि तेथील रहिवासी त्याचे कारण विचारण्याआधीच सांगून टाकतात : पाणी.

हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला आहे. क्षेत्र साडेचार हजार चौरस किलोमीटरहून अधिक, गावे आठशेच्या वर. नदीच्या गाळाच्या खोल थरांत क्षार साठलेले असल्यामुळे विहिरीला पाणी लागते, पण ते पिकालाही मानवत नाही. म्हणून उत्तम काळी जमीन असूनही येथील शेती पावसावर आणि नंतर जमिनीतील ओलीवर चालते. खामगाव, शेगाव, मलकापूरच्या अडत दुकानांना या पट्ट्यातील कापूस आणि हरभरा चांगला परिचयाचा आहे. पाण्याचा परिचय त्या गावी जाऊन पहिला घोट घेतल्यावर होतो.

पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक आहे. ‘दुसरा स्रोत नसेल तर’ ही सवलत या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होऊन बसली.

पाणी गाळून, उकळून पिण्याचा संस्कार जैन घरांना नवा नाही. त्याने जीवजंतूंचा प्रश्न सुटतो; क्षारांचा सुटत नाही. विरघळलेले मीठ गाळण्याच्या वस्त्रातून पाण्याबरोबरच खाली येते. उकळल्यावर काही क्षार पातेल्याच्या तळाशी पांढरट थर धरतात. मीठ तसेच राहते, आणि पाणी आटल्याने थोडे दाटच होते. खारे पाणी गोडे करायचे तर यंत्र लागते किंवा डोंगरातून आणलेली जलवाहिनी. पाण्याचे कॅन विकत घेणे ज्याला परवडते तो घेतो. शेतमजुराच्या घरी हापशाचेच पाणी असते.

एकट्या पाण्यावर सगळा दोष ठेवणे शास्त्राला धरून होणार नाही. मूत्रपिंड निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच आहेत. उन्हात दिवसभर राबून शरीरातील पाणी कमी होणे आणि अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेत राहणे, यांनीही मूत्रपिंडाचे नुकसान होते. पण पाणी बेचव म्हणून माणूस कमीच पितो, कामाने अंग ठणकले की गोळी घेतो आणि रक्तदाब कधी मोजलेलाच नसतो. हे सारे एकाच देहात एकत्र येते. त्यातून हा रोग अबोल. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर मूत्रपिंडाची सुमारे निम्मी शक्ती गेलेली असते. पायाला सूज आणि धाप घेऊन माणूस रुग्णालयाची पायरी चढतो, तेव्हा पुष्कळदा डायलिसिसखेरीज मार्ग उरलेला नसतो.

येथे व्यापाऱ्याच्या हिशेबाची एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. डायलिसिस एका वेळी साधारण चार तास चालते आणि आठवड्यातून तीनदा व्हावे लागते. एका यंत्रावर दिवसाला तीन पाळ्या आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर अठरा पाळ्या झाल्या. म्हणजे एक यंत्र सहा माणसांना पुरते. पाच यंत्रांचे केंद्र तीस जणांना पुरते. एकतिसावा आला की कोणाची तरी तिसरी पाळी कापून दोनच पाळ्यांवर भागवावे लागते, किंवा त्याला थांबावे लागते. आणि मूत्रपिंडाचे रोपण झाले नाही तर हे उपचार आयुष्यभराचे असल्यामुळे जागा रिकामी होण्याचा प्रसंग बहुधा एकच असतो. एक यंत्र बिघडले की सहा घरांची आठवड्याची घडी मोडते. तंत्रज्ञ रजेवर गेला तर सगळ्यांचीच.

आणखी एक हिशेब आहे. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. ज्याला घरी पिण्यापुरते चांगले पाणी मिळाले नाही, त्याचे रक्त शुद्ध करण्यासाठी एवढे पाणी खर्ची पडते, आणि शुद्धीकरण यंत्रणा बंद पडली तर केंद्रातील सगळी यंत्रे असून नसल्यासारखी होतात.

उपचारांचा खर्च पूर्वीइतका पेलावा लागत नाही, हे मान्य केले पाहिजे. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. पण योजना यंत्राचे पैसे भरते. वर्षाला दीडशेहून अधिक फेऱ्या, प्रत्येक फेरीला रुग्णाची आणि सोबत्याची बुडालेली मजुरी, हे कोणत्याही योजनेच्या खतावणीत येत नाही. दोन एकर शेत आधी गहाण पडते, मग विकले जाते. सोबतीला बहुधा पत्नी असते किंवा शाळा सोडलेला मुलगा.

जानेवारी २०२५ मध्ये हा पट्टा एकाएकी देशभर गाजला. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस काही दिवसांत झडून टक्कल पडू लागले. प्रथम पाण्यावर संशय गेला. नंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली आणि विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शिधावाटपाच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. आरोग्य यंत्रणा धावली, नमुने गेले, पुढे अनेकांचे केसही परत येऊ लागले. यंत्रणेत धावण्याचे बळ आहे, एवढे त्यातून दिसले. पण टक्कल डोळ्यांना दिसते. मूत्रपिंडाचा रोगी घरात बसून राहतो आणि त्याची बातमी होत नाही.

उपाय अगदीच झाले नाहीत असे नाही. वान धरणाचे पाणी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत नेण्यासाठी १४० गावांची योजना आखली गेली. जिथे जलवाहिनीचे पाणी नियमित पोहोचते तिथे हापसा आपोआप मागे पडतो. जिथे खंड पडतो तिथे लोक पुन्हा त्याच खाऱ्या पाण्याकडे वळतात. बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. त्याची फळे यायला वर्षे लागतील. तोवर उपकेंद्रात रक्तदाब मोजणे, लघवीतील प्रथिने तपासणे आणि वर्षातून एकदा क्रिएटिनिन पाहणे ही साधी कामे झाली, तरी पुष्कळजण यंत्रापर्यंत पोहोचणारच नाहीत. मात्र सरासरी पाच हजार वस्तीचा भार वाहणाऱ्या उपकेंद्रात बाळंतपणे, लसीकरण आणि नोंदवह्या यांतून परिचारिकेला किती वेळ उरतो, हेही पाहायला हवे.

पाणपोया घालण्याची आणि दवाखान्यांना हात देण्याची या बाजारपेठांतील पेढ्यांची परंपरा जुनी आहे. यंत्र दान केले की त्यावर पाटी लागते. तंत्रज्ञाच्या पगारावर, संग्रामपूरहून रुग्णांना आणणाऱ्या गाडीच्या इंधनावर किंवा सोबत्याच्या मुक्कामाच्या खोलीवर पाटी लावता येत नाही. कदाचित म्हणूनच त्यांची उणीव अधिक आहे.

सकाळची पहिली पाळी ज्याच्या वाट्याला येते, तो दूरच्या गावचा असेल तर आदल्या रात्रीच येऊन रुग्णालयाच्या आवारात पथारी टाकतो. पिशवीत भाकरी, तपासण्यांचे कागद आणि घरून भरून आणलेली पाण्याची बाटली असते. त्याला दिवसभरात पाणी मोजूनच प्यायचे असते. ती बाटली सोबत आलेल्या पत्नीसाठी असते.