घरच्या गळ्यांचा धंदा

1980च्या सुरुवातीला 'आय ॲम इन द मूड फॉर डान्सिंग' हे गाणं ब्रिटनच्या विक्री-यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. पंकच्या जमान्यातल्या रसिकांनी नाकं मुरडली. एकसारखे झगमगीत कपडे, हसरे चेहरे आणि ठरावीक पावलांचा नाच, म्हणजे करमणूक फार तर, संगीत नव्हे, असा त्यांचा सूर. नोलन बहिणींवर तो शिक्का कायमचा बसला. मला तो अन्यायाचा वाटतो, कारण त्या हसण्यामागे सतरा वर्षांची उमेदवारी होती.

हे कुटुंब मूळचं डब्लिनच्या रहेनी भागातलं. टॉमी आणि मॉरीन नोलन हे दोघेही गायक, आणि पोरं आठ. 1962 साली बिऱ्हाड उचलून ते इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलला आले. ब्लॅकपूल म्हणजे गिरणी-कामगारांचं सुट्टीचं गाव. समुद्रात घुसलेल्या धक्क्यांवर नाट्यगृहं, आणि उन्हाळाभर रोजचे खेळ. 1963मध्ये आई-बाप आणि मुलं मिळून 'सिंगिंग नोलन्स' उभे राहिले. कामगारांच्या क्लबांत बिअरचे पेले आणि बिंगोचे आकडे यांच्या मधल्या वेळात ही पोरं गायची. रात्री उशिरा घरी, सकाळी शाळेत. आज याला आपण बालमजुरी म्हटलं असतं. तेव्हा लोक कौतुकाने 'गाणारं कुटुंब' म्हणत.

पण गळा तयार झाला तो तिथेच. तुमच्याकडे कुणाचं लक्ष नाही अशा खोलीत सूर धरून ठेवणं ही शिकवणी कुठल्याही विद्यालयात मिळत नाही. शिवाय बहिणींचे आवाज एकमेकींत असे मिसळतात की जोड दिसत नाही. उच्चार एक, श्वासाची सवय एक. 'आय ॲम इन द मूड फॉर डान्सिंग' आज नीट ऐकावं. प्रस्तावनेत वेळ न दवडता ते थेट ध्रुवपदालाच हात घालतं. पुढे बहिणींपैकी बर्नीचा आवाज, किंचित खरबरीत, तालावर रेलणारा. आणि तिच्या पाठीमागे बाकीच्या बहिणी इतक्या एकजीव की एकच रुंद आवाज वाटावा. गीतकार बेन फिंडन, माइक मायर्स आणि बॉब प्युझी. यांतल्या फिंडनने बिली ओशनलाही यशस्वी गाणी दिली होती. बर्नीने तेव्हा विशीही गाठलेली नव्हती.

त्याआधीचा टप्पा भराभर सांगण्यासारखा आहे. 1974मध्ये मुली 'नोलन सिस्टर्स' म्हणून वेगळ्या उभ्या राहिल्या, क्लिफ रिचर्डच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दिसू लागल्या, आणि 1975मध्ये फ्रँक सिनात्राच्या युरोप दौऱ्यात त्याच्याआधी गायल्या. 1978मध्ये दुसऱ्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा त्यांचा अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच वर्षी बहिणींपैकी डेनीस गटातून बाहेर पडली. 1979मध्ये युरोव्हिजनच्या ब्रिटिश निवड-फेरीत त्या चौथ्या आल्या. गंमत म्हणजे संपामुळे तो कार्यक्रमच रद्द झाला आणि परीक्षकांनी नुसतं ध्वनिमुद्रण ऐकून गुण दिले. डब्लिनच्या मुली ब्रिटनतर्फे जायला निघाल्या होत्या, याचं तिथे कुणाला नवल वाटलं नसावं.

खरा चमत्कार जपानचा. तिथे तेच गाणं 'डान्सिंग सिस्टर' या नावाने पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि 1981च्या तोक्यो संगीत महोत्सवात 'सेक्सी म्युझिक'ला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. इंग्रज समीक्षक ज्याला हलकंफुलकं म्हणत होते, त्याच्या नेमकेपणाला तिथे दाद मिळाली. सर्वांत धाकटी कोलीन तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होती.

मग एकेक जण पांगली. चार बहिणींनी, डेनीस, लिंडा, बर्नी आणि मॉरीन यांनी, 'ब्लड ब्रदर्स' या संगीत-नाटकात वेगवेगळ्या काळात मिसेस जॉन्स्टन ही एकच भूमिका केली. जुळ्यांपैकी एक मूल देऊन टाकावं लागलेल्या आईची ती भूमिका, आणि ती नुसत्या गोड आवाजावर निभत नाही.

2008मध्ये थोरल्या ॲनचं आत्मचरित्र आलं. किशोरवयात वडिलांनी आपलं लैंगिक शोषण केल्याचं तिने त्यात लिहिलं, आणि 'गाणारं कुटुंब' ही प्रतिमा कोसळली. ज्या घराने आवाज दिला त्याच घराने त्याची किंमत वसूल केली होती. वडील 1998मध्येच गेले होते.

नोलन्सच्या वाटचालीशी बी-विच्ड ताडून पाहावा. 1997मध्ये डब्लिनमध्ये जमलेल्या चार मुलींचा हा गट. त्यांची पहिली चारही गाणी ब्रिटनमध्ये प्रकाशित होताच पहिल्या क्रमांकावर गेली. नोलन्सना तिथे ते स्थान एकदाही लाभलं नाही. पण 2002मध्ये बी-विच्डचा करार संपला आणि गटही फुटला. नोलन्सचं नाव मात्र 2005पर्यंत चालत राहिलं, ते बरंचसं ॲन आणि मॉरीन यांच्या जिद्दीवर.

2009मध्ये पुनर्मीलनाचा दौरा ठरला. त्यासाठी मॉरीन, लिंडा, बर्नी आणि कोलीन या चौघींना घेतलं; ॲन आणि डेनीसना नाही. बहिणींमध्ये उघड भांडण झालं. बर्नी 2013मध्ये आणि लिंडा जानेवारी 2025मध्ये गेली, दोघींनाही स्तनाचा कर्करोग होता. दौऱ्याच्या जाहिरातींवर नाव 'द नोलन्स' असंच होतं. ते नाव 2005पर्यंत चालवत राहिलेली ॲन त्यांत नव्हती.