फादरांचं घर आणि पास्टरबाईंचं घर



जर्मनीत आल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवायला गेलो, तर अर्जात धर्माचा रकाना! ‘हिंदू’ म्हटल्यावर तिथल्या बाईंनी तो कोराच ठेवला. कारण मागाहून कळलं. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं, की आयकराच्या आठ-नऊ टक्के रक्कम चर्चकर म्हणून वर भरावी लागते. वसुली सरकार करतं, पैसे चर्चला जातात. तेव्हा इथल्या चर्चला पैशांची तशी ददात नाही. चणचण आहे ती फादरांची.

आमच्या चौकाच्या एका अंगाला कॅथलिक चर्च, दुसऱ्या अंगाला प्रोटेस्टंट. कॅथलिक फादर केरळचे. जर्मन पोरं फादर घडवणाऱ्या सेमिनरीकडे फिरकत नाहीत, म्हणून भारतातून फादर येतात. यांच्याकडे पाच गावं. रविवारी गाडीत मागे हँगरला मिस्सेचा, म्हणजे रविवारच्या उपासनेचा झगा, पुढच्या सीटवर इडलीचा डबा. एका गावची मिस्सा आटोपली की पुढचं गाव. समोर पास्टरबाई. त्यांचे यजमान शाळामास्तर, दोन मुलं, दारात सायकलींचा पसारा.

फादरांनाही लग्न करू द्या, ही मागणी इथे जोरात आहे. मार्च २०२३ मध्ये फ्रँकफर्टला बिशप आणि सामान्य कॅथलिकांच्या सभेने पोपना तसा विचार करण्याची विनंतीच केली. ब्रह्मचर्य हा कॅथलिक श्रद्धेचा गाभा असेल, असं मला वाटायचं. तसं नाही, तो शिस्तीचा नियम आहे. पहिले पोप मानले जाणारे पीटर संसारी होते; येशूने त्यांच्या सासूचा ताप उतरवल्याची कथा बायबलात आहे. पाद्र्याचं लग्न रद्दबातल ठरवलं ते ११३९च्या लॅटरन परिषदेने. युक्रेनचं ग्रीक कॅथलिक चर्च पोपनाच मानतं, तरी तिथे संसारी माणूस आजही फादर होतो. फक्त आधी लग्न, मग दीक्षा. उलट चालत नाही.

हे फादरांपाशी काढलं तर हसून म्हणाले, “आमच्याकडेही होते की संसारी. तुमच्या बाजूच्या गोव्याने मोडलं!” खरंच आहे. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी उदयंपेरूरला धर्मसभा भरवून केरळच्या बायकापोरं असलेल्या पाद्र्यांवर ब्रह्मचर्य लादलं.

आपल्याला यात नवल कसलं? आपल्या भोरच्या रायरेश्वरावर शिडी चढून जा, महादेवाची पूजा करणारे जंगम पठारावरच संसार थाटून आहेत. वरंधा घाट उतरा, की शिवथरघळ. तिथले समर्थ तर ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळालेले. यांच्यात कोणाची निष्ठा उणी, हे मोजायला आपण कधी बसलो नाही.

ब्रह्मचर्याने माणूस मोकळा होतो, हे मला मान्य आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो धमक्या येत असतानाही हरित वसईसाठी उभे राहिले. घरी पोरं असती तर पाऊल अडखळलं असतं कदाचित. पण त्यांच्या मागे अख्खी वसई होती, हेही विसरू नका. लग्नाची मुभा दिली की फादर वाढतील, हा जर्मनांचा हिशेब मात्र मला पटत नाही. प्रोटेस्टंटांना लग्नाची आडकाठी नाही, खुद्द ल्यूथरने १५२५ मध्ये लग्न केलं. तरी पास्टर त्यांनाही पुरत नाहीत. आमच्या पास्टरबाईही चार गावं सांभाळतात.

फादरांचं घर आठ खोल्यांचं. पूर्वी तिथे स्वयंपाकीणबाई असायची, सहायक फादर असायचे, दिवसभर माणसांचा राबता. आता संध्याकाळी एकाच खिडकीत दिवा दिसतो. मला विचाराल तर ब्रह्मचर्य ही एकट्याने निभवायची गोष्टच नव्हे. आजूबाजूला गाव लागतं. इथे नियम राहिला आणि गाव उठून गेलं. त्याचं खापर ब्रह्मचर्यावर फुटतंय.

सध्या दर गुरुवारी फादर पास्टरबाईंकडे जेवतात. धाकट्या पोराला त्यांनी सांबाराची चटक लावली आहे. हिवाळ्यात चर्च तापवायचा खर्च फार, म्हणून दोघांनी मिळून पाळी लावली आहे: एका रविवारी चौकाच्या या बाजूची घंटा, दुसऱ्या रविवारी त्या बाजूची.