देवाजवळ आणि देवापासून दूर

ख्रिस्ती मनुष्य देवाच्या जवळ केव्हा असतो, असे विचारले तर पुष्कळांच्या डोळ्यांपुढे रविवारची उपासना, प्रभुभोजन किंवा बाप्तिस्म्याचा दिवस उभा राहतो. हे प्रसंग मोठे आहेत, यात शंका नाही. परंतु रविवार आठवड्यातून एकदा येतो आणि बाप्तिस्मा जन्मातून एकदा. बाकीचा सारा काळ दुकानात, कचेरीत, स्वयंपाकघरात आणि रस्त्यावर जातो. देवाशी असलेले आपले अंतर कमीजास्त होते ते मुख्यतः याच ठिकाणी, असे आमचे म्हणणे आहे.

येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवावा. लुटारूंनी अर्धमेला केलेला एक वाटसरू पडलेला आहे. याजक येतो, त्याला पाहतो आणि पलीकडच्या बाजूने निघून जातो. मागून आलेला लेवीही तेच करतो. या दोघांनी देवाला नाकारले नव्हते. त्यांनी केवळ रस्त्याची बाजू बदलली. पावले दोनचारच, पण तेवढ्यात शेजारी मागे राहिला आणि त्याच्याबरोबर देवही. जवळ आला तो शोमरोनी, ज्याच्या जमातीला यहुदी लोक कमी लेखीत. जक्कय जकातदाराची गोष्टही अशीच. येशू घरी आला तेव्हा त्याने आपला हिशेब काढला. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे त्याने बोलून दाखविले.

येथे एक रास्त शंका निघते. ख्रिस्ती धर्म तर म्हणतो की, तारण देवाच्या कृपेने मिळते, पुण्याईच्या जमाखर्चाने नव्हे. मग रोजच्या निवडींचे महत्त्व ते काय? आपल्या शहरातलाच दाखला घेऊ. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी येथे नहर बांधली आणि जमिनीखालून गावात पाणी आणले. ते पाणी कोणा नागरिकाने निर्माण केले नव्हते, ते जमिनीच्या पोटात होतेच. माणसाच्या हाती एवढेच होते की, वाट मोकळी ठेवावी, साचलेला गाळ काढावा. कृपा ही त्या पाण्यासारखी आहे. ती आपण कमावीत नाही. पण तिची वाट आपण बुजवू शकतो. नहर बुजायला भूकंपच व्हावा लागतो असे नाही. रोजचा चिमूटभर गाळही पुरतो.

हा गाळ कोणता, हे आपल्या मराठी मुलखात शोधायला दूर जावे लागत नाही. तो आहे उच्चनीचतेचा. रेव्हरंड नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. 1843 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी जालन्यास कार्य केले आणि जवळच बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. त्यासाठी जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळाली. तेथे येऊन राहिलेल्यांत मांग आणि महार कुटुंबे पुष्कळ होती. बेथेल म्हणजे देवाचे घर. एका ब्राह्मणाने अशा लोकांत आपले आयुष्य घालविणे हा एका दिवसाचा त्याग नव्हता. कोणाच्या दारी जायचे, कोणाला आपले म्हणायचे, हे त्याला रोज नव्याने ठरवावे लागणार होते.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याहून बोलके आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधल्या काळात पतीकडे परत आल्यावरही त्या आपले सोवळे सांभाळीत. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला; तो माणसाचाच, असे पटताच त्यांनी सोवळे सोडले. ध्यानात घेण्याजोगे हे की, ही निवड बाप्तिस्म्याच्या आधीची आहे. आधी शेजाऱ्याची वाट मोकळी झाली, मग देवाची.

आता आम्ही आमच्या मंडळीकडे वळतो. सोयरिकीची बोलणी निघाली की, मूळचे कोण, हा प्रश्न आमच्यांतही हळूच विचारला जातो. घरकाम करणाऱ्या बाईचा कप कपाटात वेगळा ठेवणारे घर ख्रिस्ती असू शकते. भिंतीवर क्रूस असतो आणि त्याच भिंतीआड तो कप. अशा घरातून केलेली प्रार्थना देव ऐकत नाही, असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु ती करणाऱ्याला देवाचे उत्तर ऐकू येईनासे होते, एवढे मात्र खरे. येशूने स्वतःस उपाशी, तहानेला व परका यांच्या ठिकाणी मानले. तेव्हा ज्याचा कप वेगळा ठेवला तो कोण, हे उघडच आहे.

यावर उपाय साधा आहे आणि तो अन्य धर्मीयांनाही परका वाटू नये. रात्री दिवा मालवण्यापूर्वी दिवसाचा हिशेब घ्यावा. आज कोणाला पाहून आपण रस्त्याची बाजू बदलली? कोणाचे देणे बुडविले? कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले? चूक सापडली तर देवाची क्षमा मागावी, आणि उजाडताच त्या माणसाकडे जावे. पश्चात्ताप म्हणजे नुसते हळहळणे नव्हे, मागे फिरणे होय. वेगळा कप काढून टाकायला मोठी श्रद्धा लागत नाही. पण तो निघाल्यावाचून श्रद्धा मोठीही होत नाही.