पाँटून बोट निवडताना

बीड जिल्हा म्हटले की प्रथम दुष्काळ आठवतो. परंतु पाऊस मनासारखा झाला की याच जिल्ह्यात सिंदफणेवरचे माजलगावचे धरण आणि मांजरेवरचे धनेगावचे धरण दूरवर पसरलेले दिसते. जिल्ह्याची उत्तर सीमा तर गोदावरीच आखून देते. पाणी आले की माणूस त्यावर तरंगण्याची साधने शोधतो. कोणी ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे टाकतो, कोणी थर्मोकोलचा चप्पू वल्हवतो, तर कुठे गुळाची काहिलच नाव होते.

मुलाबाळांना घेऊन जलाशयात फेरफटका मारायचा असेल तर यांतले काहीच चालणार नाही. अशा वेळी पाँटून बोट सोयीची वाटते. हवेने भरलेली दोन बंद, लांब नळकांडी समांतर ठेवायची आणि त्यांवर सपाट फळी, कठडा व छत बसवायचे, की झाली पाँटून बोट. नवी महाग पडते, म्हणून लोक जुनी शोधतात. समजा, तुमच्या घरच्यांपुढे अशा दोन जुन्या बोटी आहेत. कोणती घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रातून मिळते. कसे, ते पाहू.

आर्किमिडीजचा हिशेब

‘अ’ बोटीची नळकांडी ६ मीटर लांब व ५० सेंटिमीटर व्यासाची आहेत आणि त्यांच्या मध्यरेषांतील अंतर १.८ मीटर आहे. ‘ब’ बोटीची नळकांडी ५ मीटर लांब, पण ६० सेंटिमीटर व्यासाची आहेत. त्यांच्यातील अंतर मात्र १.२ मीटरच आहे. वरची फळी दोन्हींची सारखीच रुंद असून मध्यापासून कठडा १ मीटरवर आहे. रिकाम्या ‘अ’चे वजन ६०० किलोग्रॅम, तर ‘ब’चे ७०० किलोग्रॅम धरू.

बुडालेला भाग जेवढे पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल बोटीला वर उचलते, हा आर्किमिडीजचा नियम तुम्हांला ठाऊक आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलोग्रॅम. ‘अ’च्या एका नळकांड्याचे घनफळ सुमारे १.१७८ घनमीटर येते, म्हणजे ते पूर्ण बुडाले तर ११७८ किलोग्रॅम पेलेल. ‘ब’चे एक नळकांडे १४१३ किलोग्रॅम पेलेल.

नळकांडी निम्मीच बुडावीत असा साधा नियम पाळू. तसे केल्यास ‘अ’ एकूण ११७८ किलोग्रॅम वाहील. बोटीचे स्वतःचे ६०० वजा करता ५७८ उरतात. सामानासह माणशी ७५ किलोग्रॅम धरले तर ७ माणसे बसतील. ‘ब’साठी हाच हिशेब केला तर ७१३ किलोग्रॅम उरतात आणि ९ माणसे बसतात. विकणारा म्हणेल, “ही घ्या, हिच्यात दोन माणसे जास्त बसतात.” त्याचा आकडा खोटा नाही. परंतु सगळी माणसे पसरून, गप्प बसून राहतील हे त्यात गृहीत धरलेले आहे.

सगळे एका बाजूला गेले तर?

पाण्यावर रोहित पक्षी उतरले, कोणीतरी “ते पाहा!” म्हणाले आणि सगळी मंडळी एका कठड्याशी गोळा झाली. आता काय होईल?

दोन माणसांनी खांद्यावर बांबू घेऊन मध्ये ओझे टांगले आहे असे समजा. ओझे मधोमध असेल तर भार सारखा वाटला जातो. ते एकाकडे सरकले तर त्याच्यावर जास्त भार येतो. आणि ओझे त्याच्याही पलीकडे, बांबूच्या बाहेर आलेल्या टोकाला टांगले, तर दुसऱ्याच्या खांद्यावरचा बांबू वर उचलला जाऊ लागतो. बोटीची दोन नळकांडी म्हणजे हे दोन खांदे होत.

‘ब’मध्ये ९ माणसांचे ६७५ किलोग्रॅम कठड्याशी आले. लांबच्या नळकांड्यापासून हा भार १.६ मीटरवर आहे आणि दोन नळकांड्यांत १.२ मीटर अंतर आहे. तरफेच्या नियमाने जवळच्या नळकांड्यावर ६७५ × १.६ ÷ १.२, म्हणजे ९०० किलोग्रॅम भार येतो. बोटीच्या वजनातले निम्मे ३५० मिळवले की १२५० झाले. ते पेलू शकते १४१३. म्हणजे फक्त १६३ किलोग्रॅमची उचल शिल्लक राहिली! दोन मोठी माणसे आणखी तिथे आली, किंवा एक लाट आली, की ते नळकांडे पाण्याखाली गेलेच. एवढ्यातच बोट सुमारे २० अंश कललेली असेल. अशा उतारावर उभी असलेली माणसे आणखी बाहेर झुकतात, भार आणखी बाहेर सरकतो आणि बोट सावरण्याऐवजी उलटू लागते.

‘अ’चा हिशेब स्वतः करून पाहा. ७ माणसांचे ५२५ किलोग्रॅम कठड्याशी आले तर जवळच्या नळकांड्यावर सुमारे ८५४ किलोग्रॅम भार येतो. शिल्लक उचल ३२४ किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ दुप्पट. बोट कलते ती फक्त ६ अंशांच्या आसपास.

असे का व्हावे? निम्म्या बुडालेल्या स्थितीत पाण्याच्या पातळीवर दोन्ही बोटींचे क्षेत्रफळ अगदी सारखे आहे. ६ गुणिले ०.५ घ्या की ५ गुणिले ०.६ घ्या, एका नळकांड्याचे ३ चौरस मीटरच येतात. पण बोटीचा कलण्याला होणारा विरोध नळकांड्यांमधील अंतराच्या वर्गाबरोबर वाढतो. ‘अ’मधील अंतर दीडपट आहे, म्हणून तिचा विरोध सव्वादोन पट आहे. तेव्हा जुनी बोट पाहायला जाताना मोजपट्टी न्या आणि पहिले माप नळकांड्यांमधील अंतराचे घ्या.

बाल्टिमोरची बोट

हा केवळ वहीतला हिशेब नव्हे. ६ मार्च २००४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरात ‘लेडी डी’ नावाची पाँटून बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. बोटीवर २५ जण होते, त्यांतील ५ जणांचा मृत्यू झाला. पुढे चौकशीत दोन गोष्टी उघड झाल्या. बोटीला २५ जणांचा परवाना होता, पण स्थिरतेची चाचणी तिची झालीच नव्हती. ती झाली होती दुसऱ्या एका पाँटून बोटीची आणि दोन्ही बहिणी-बहिणी आहेत असे मानले गेले. प्रत्यक्षात दोघींच्या नळकांड्यांची घडण वेगळी होती. शिवाय चाचणीत माणशी १४० पौंड, म्हणजे सुमारे ६४ किलोग्रॅम वजन धरले होते. त्या दिवशीच्या प्रवाशांचे सरासरी वजन सुमारे ७६ किलोग्रॅम भरले.

वारा आपल्याकडेही आहे. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरची प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून ६ जण बुडाले. मराठवाड्यातही वळवाचे वारे बहुधा दुपारनंतरच सुटतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. पाँटून बोटीचे छत आणि कठड्याला बांधलेले कापड शिडासारखे काम करते. म्हणून उन्हाळ्यात फेरी सकाळीच उरकावी आणि आभाळ भरून येताच किनारा गाठावा.

जुन्या बोटीची परीक्षा

जुन्या बोटीत आणखी एक शत्रू लपलेला असतो, तो म्हणजे नळकांड्यात शिरलेले पाणी. धातूचे सांधे झिजतात, प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते. आत शिरलेले प्रत्येक लिटर पाणी एक किलोग्रॅम उचल खाऊन टाकते. तेव्हा रिकामी बोट संथ पाण्यात सोडा आणि दोन्ही नळकांड्यांवर पाण्याच्या रेषेला खडूने खूण करा. रिकाम्या ‘अ’ची नळकांडी घनफळाच्या चौथ्या भागाइतकी बुडायला हवीत. जास्त बुडाली तर आत पाणी आहे किंवा सांगितलेले वजन खोटे आहे. एक रात्र जाऊ द्या. सकाळी खूण पाण्याखाली गेली असेल तर गळती आहे. नळकांड्यात आडव्या भिंती घालून कप्पे केले आहेत का, तेही विचारा. एक भोक पडले तरी पाणी एकाच कप्प्यात अडते.

शेवटची परीक्षा मोठ्या माणसांकडून करून घ्या. किनाऱ्याजवळ कमरेइतक्या पाण्यात, बोटीवर कोणी नसताना, माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती एका कठड्याशी रचा आणि कल पाहा. परीक्षा त्याच बोटीची घ्या, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसरीची नको; बाल्टिमोरचा धडा हाच आहे. यंत्र बसवलेल्या बोटीची नोंदणी झालेली हवी, जलाशयात उतरवण्याची परवानगी हवी आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या मापाचे तरंगजाकीट हवे. हिशेब चुकला तर तेवढेच हाताशी राहते.

मग ‘अ’ की ‘ब’? दोन्हींची नळकांडी कोरडी निघाली तर ‘अ’ घ्यावी आणि तिच्यात सातांहून अधिक माणसे बसवू नयेत. घरात नऊ माणसे असतील तर दोन फेऱ्या कराव्यात.

करून पाहा

झाकण घट्ट लावलेल्या दोन रिकाम्या बाटल्या पुठ्ठ्याच्या पट्टीखाली रबराने बांधा आणि परातीतल्या पाण्यात सोडा. पट्टीच्या एका कडेला एकेक नाणे ठेवत जा. ती उलटेपर्यंत किती नाणी मावली ते लिहा. मग बाटल्यांमधील अंतर निम्मे करून पुन्हा मोजा.

आणि एक प्रश्न: ‘ब’ बोटीच्या मधोमध तिसरे नळकांडे बसवले तर ती किती माणसे वाहील? सगळे एका कठड्याशी गेल्यावर त्या तिसऱ्याचा उपयोग किती होईल? वर्गात चर्चा करा. उत्तर शोधताना मधले नळकांडे मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे, हे विसरू नका.