लहान महाविद्यालयांतील खेळ

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत प्रतापगड हें गांव आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळें त्याचें नांव आसपासच्या मुलुखांत सर्वांना ठाऊक असतें. अशा गांवचा तरुण शाळा संपवून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीं कलाशाखेच्या महाविद्यालयांत जातो, तेव्हां कबड्डीची, कुस्तीची अथवा धांवण्याची हौसही बरोबर नेतो. तेथें त्या हौसेचें काय होतें, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी पुष्कळांच्या आयुष्याला त्याच्या उत्तरानें वळण लागतें.

श्रोत्यांनीं प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. ‘व्हार्सिटी’ हा शब्द ‘युनिव्हर्सिटी’चाच संक्षेप होय, परंतु अमेरिकेंत त्याचा अर्थ महाविद्यालयाचा मुख्य संघ असा झाला. १८५९ सालीं मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅम्हर्स्ट व विल्यम्स या दोन लहान कॉलेजांनीं आपसांत बेसबॉलचा सामना खेळून तेथील आंतरमहाविद्यालयीन बेसबॉलचा पाया घातला. आज हीं दोन्ही कॉलेजें ज्या ‘तिसऱ्या विभागां’त खेळतात, तेथें केवळ खेळासाठीं शिष्यवृत्ति देतां येत नाहीं. खेळाडू हा आधीं विद्यार्थी, हें त्यांतील तत्त्व.

आपल्याकडे महाविद्यालयाचा संघ ही केवळ पहिली पायरी असते. महाविद्यालयें परस्परांशीं खेळतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. आणि विद्यापीठांचे सामने भारतीय विद्यापीठ संघाच्या विद्यमानें होतात. ही संस्था १९२५ सालीं निघाली. गोंदियाकडील महाविद्यालयें १९२३ सालीं स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशीं संलग्न आहेत. या रचनेंत लहान महाविद्यालयाचा मोठा लाभ आहे. त्याचा संघ पहिल्याच सामन्यांत हरला, तरी त्यांतील एखादा गुणी खेळाडू विद्यापीठाकडून खेळूं शकतो. मात्र त्याचें नांव मुदतींत कोणी तरी पाठविलें पाहिजे, प्रवासखर्च दिला पाहिजे आणि बुडालेल्या तासांची भरपाई करून दिली पाहिजे. एवढें न झालें तर पुढची सारी शिडी त्याला निरुपयोगी.

महाविद्यालयांतील एका माणसाच्या आस्थेनें काय घडतें, याचें उदाहरण राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कोल्हापुरास सांपडतें. खाशाबा जाधव यांचा जन्म कराडजवळच्या गोळेश्वर गांवीं १५ जानेवारी १९२६ रोजीं झाला. ते राजाराम कॉलेजांत शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें फ्लायवेट गटांत त्यांचा सहावा क्रमांक आला. लाल मातींत तयार झालेल्या या मल्लाला तेथें गादीवर, निराळ्या नियमांनीं लढावें लागलें होतें. ती उणीव त्यांनीं कसून मेहनत करून भरून काढली. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यास पैसा अपुरा पडला, तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या वर्षीं जुलैमध्यें खाशाबांनीं बँटमवेट गटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचें वैयक्तिक पदक लिअँडर पेस यांनीं १९९६ सालीं आणलें. मध्यें ४४ वर्षें गेलीं.

खर्डेकरांचें औदार्य वंदनीय खरें; परंतु खेळाडूसाठीं गुरुजनांना घर गहाण ठेवावें लागणें ही व्यवस्थेची शोभा नव्हे. म्हणून पालकांनीं महाविद्यालय निवडतांना निकालाबरोबर आणखीहि कांहीं विचारावें. मैदान आहे काय, आणि निवडक खेळाडूंखेरीज इतरांना तें खुलें असतें काय? कोणकोणत्या खेळांत नांवें पाठविलीं जातात? मुलींचा संघ निघतो काय? प्रवासखर्च कोण सोसतें? कपाटांतील चषक मोजण्यापेक्षां या साध्या प्रश्नांच्या उत्तरांवरून महाविद्यालयाची क्रीडावृत्ति अधिक नेमकी कळते. गांवाकडून आलेल्या मुलाला पहिली पायरी तेथेंच मिळावयाची असते.