परदेशी शिक्षण आणि मागे राहणारे घर

गेल्या वर्षी वर्षावासाच्या दिवसांत आमची एक माजी विद्यार्थिनी शाळेत भेटावयास आली. ब्रिटनमधील एका विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेश मिळालेला, शासकीय शिष्यवृत्ती मंजूर झालेली आणि कडेवर तीन वर्षांची मुलगी. तिने एकच प्रश्न विचारला, "सर, हिला ठेवून जाऊ, की जाणेच सोडून देऊ?" आम्हांला उत्तर देता आले नाही. शेकडो मुलांना घरापासून दूर ठेवून शिकविणाऱ्या निवासी शाळेच्या शिक्षकांना तरी ते ठाऊक असावयास हवे होते. त्या प्रश्नाचा उशिरा केलेला अभ्यास या लेखात मांडीत आहोत.

हा विषय निघाला की आपल्याला रमाईंचे स्मरण होते. १९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा यशवंतराव अवघे काही महिन्यांचे होते आणि सुभेदार रामजींचे त्याच वर्षी फेब्रुवारीत निधन झाले होते. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची. कुटुंब सोबत नेण्याचा विचारही शक्य नव्हता. १९२० ते १९२३ या लंडनच्या दुसऱ्या वास्तव्यातही रमाई मुंबईतच राहिल्या. यशवंतराव वगळता त्यांची अपत्ये बालपणीच दगावली. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक होतोच. परंतु त्यांनी जे सोसले ते दारिद्र्याने लादलेले होते, हे विसरता कामा नये. रमाईंचे नाव घेऊन आजच्या सुनेकडून वा लेकराकडून तोच त्याग मागणे योग्य नाही. दुसरा मार्ग असेल तर तो आधी शोधला पाहिजे.

आज हा प्रश्न घरोघरी येणार आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीची वयोमर्यादा पदव्युत्तर शिक्षणासाठी ३५ आणि पीएच.डी.साठी ४० वर्षे आहे. आपली मुले-मुली नोकरी करून, धाकट्या भावंडांची शिक्षणे मार्गी लावून अर्ज करतात. तोवर अनेकांचा संसार सुरू झालेला असतो.

कुटुंब म्हणजे कोण, याची विद्यार्थी व्हिसाची व्याख्या आपल्यापेक्षा अरुंद आहे. सर्वसाधारणपणे पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले एवढेच तीत बसतात; आई-वडिलांना त्यात स्थान नाही.

ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून नियम कठोर केले. वर्गात शिकविल्या जाणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना आता कुटुंब नेता येत नाही; पीएच.डी. व संशोधनाधारित पदव्यांना मात्र मुभा आहे. शासकीय शिष्यवृत्तीवर सहा महिन्यांहून अधिक काळाच्या अभ्यासक्रमास जाणाऱ्यांसाठीही अपवाद ठेवलेला आहे. आपल्या मुलांच्या दृष्टीने हा अपवाद फार मोलाचा आहे. आपली शिष्यवृत्ती त्यात बसते का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

अमेरिकेत एफ-१ विद्यार्थ्याचा जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले एफ-२ व्हिसावर जाऊ शकतात. मुलांना शाळेत जाता येते, पण जोडीदाराला नोकरी करता येत नाही. कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचा खुला कामाचा परवाना मुख्यतः पीएच.डी., किमान १६ महिन्यांची पदव्युत्तर पदवी आणि काही ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रम यांपुरता मर्यादित झाला आहे. जोडीदाराच्या उत्पन्नावर भिस्त असेल तर देश निवडतानाच हा भेद पाहावा.

आता खर्च. ब्रिटनच्या नियमानुसार सोबत येणाऱ्या प्रत्येकासाठी लंडनमध्ये महिना ८४५ आणि लंडनबाहेर ६८० पौंड, असे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे पैसे दाखवावे लागतात. लंडनबाहेर पती आणि एक मूल न्यावयाचे तर १२,२४० पौंड होतात. याशिवाय माणशी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आणि व्हिसा शुल्क वेगळे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचा ब्रिटनसाठीचा निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड, म्हणजे महिना ८२५. लंडनमध्ये सोबतच्या एका माणसासाठी दाखवावयाच्या रकमेपेक्षाही तो कमी आहे. म्हणून शिष्यवृत्तीत संसार भागेल, या भ्रमात कोणी राहू नये. हे आकडे बदलत असतात. अर्ज करताना ते पुन्हा पाहावेत.

कागदपत्रांकडे आपले दुर्लक्ष होते. विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन मंगल परिणय होतो, जेवणावळी उठतात आणि विवाहनोंदणी राहून जाते. दूतावासाला लग्नाचे छायाचित्र चालत नाही. ग्रामपंचायतीत वा पालिकेत विवाहाची नोंद करावी. मुलाच्या जन्मदाखल्यावर आई-वडील दोघांची नावे असावीत आणि ती पासपोर्टवरील नावांशी अक्षरशः जुळावीत. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे विशेष तपासावे.

सर्वांनी एकाच विमानाने जाण्याचीही गरज नसते. विद्यापीठाच्या वसतिगृहांत बहुधा मुलांना ठेवता येत नाही आणि कुटुंबासाठीची घरे थोडीच असतात. विद्यार्थ्याने आधी जावे, घर शोधावे आणि मग कुटुंबाने अर्ज करावा. इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना शाळेच्या सत्रकाळात आठवड्याला १५ तास विनामूल्य बालसंगोपन मिळते आणि पुढे सरकारी शाळेतही जाता येते.

आमच्या विद्यार्थिनीने हेच केले. सप्टेंबरमध्ये ती एकटी गेली. पहिले चार महिने नातीला सासूबाईंनी सांभाळले. जावईबापूंनी बिनपगारी रजा घेतली आणि जानेवारीत बापलेक तिच्याकडे पोहोचले. घरातील तिघांनी ओझे वाटून घेतले म्हणून एकीचे शिक्षण थांबले नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच आहे. घरातील मुलगी वा सून प्रवेशपत्र घेऊन समोर उभी राहील, तेव्हा "मुलाचे काय?" हा प्रश्न तिला एकटीला विचारू नका. तो सर्वांनी मिळून सोडवावयाचा प्रश्न आहे. आणि उत्तर सापडत नसेल, तर शाळेत या. आता आम्हांला थोडे ठाऊक झाले आहे.