आमच्या घरातला मारेकरी

इंदूरच्या आमच्या घरात चार माणसं आणि मन्या नावाचा एक बोका असे राहतात. हा बोका आमच्या जिवावर उठलाय, अशी माझी खात्री आहे.

पुरावे देतो. पहाटे पाचला तो माझ्या छातीवर बसून एकटक तोंडाकडे बघतो. श्वास चालू आहे का, हे तपासत असावा. घरून काम करताना ऐन मीटिंगमध्ये कीबोर्डवरून फिरायला निघतो. एकदा साहेबांना 'ककककक' एवढाच निरोप गेला. त्यांनी 'ओके' असं उत्तर दिलं, ते सोडा.

पण त्याचं खरं हत्यार दात किंवा नखं नाहीत, ते आहे पायात घोटाळणं. नखं लागली तर आपण लगेच जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतो आणि रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे धावतो. पायात येण्याला मात्र आपण लाड समजतो.

मीही तसंच समजायचो. मग दिवाळीच्या आठवड्यात आई पडली. अंधारातच चहा ठेवायला उठली होती. मन्या पायात आला. त्याच्यावर पाय पडू नये म्हणून तिने अंग वळवलं आणि ओट्याला धडकून खाली आली. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. फराळ विकतचा.

डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडलात?"

"फरशी ओली होती," आई म्हणाली.

घरी आल्यावर मी विचारलं, "आई, खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला घालवून दिलं असतंत."

यावर काय बोलणार? रात्री शोधाशोध केली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा २००९ चा एक अहवाल सापडला. कुत्र्या-मांजरांमुळे पडून तिथे वर्षाला सरासरी ८६ हजारांवर लोक इमर्जन्सी विभागात पोचत होते. त्यातले बहुतेक कुत्र्यांमुळे. हे वाचून मन्याने जांभई दिली.

उंदरांच्या सभेची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. तशी सभा आमच्याकडेही भरली. मन्याच्या गळ्यात घुंगरू बांधायचं ठरलं. पट्टा मात्र कुठे अडकला तर आपोआप सुटेल असा. खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत रात्रभर झिरोचा दिवा. आणि मन्याचं पहाटेचं खाणं वाटीत काढून ठेवायचं काम माझ्याकडे, आई उठायच्या आधी. तुमच्या घरी म्हातारं माणूस आणि पाळीव प्राणी दोन्ही असतील, तर एवढं आजच करा. प्लास्टरपेक्षा दिवा स्वस्त पडतो.

आता पहाटे घुंगरू वाजलं, की आई जागच्या जागी थांबते आणि म्हणते, "जा बाबा, आधी तू जा."